गावातल्या मुलांना पर्यावरणाचं नेतृत्व शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

खाडीकाठची (गुहागर तालुका)

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावची. ग्रामपंचायतीत सदस्य म्हणून निवडून यायची ही पहिलीच वेळ. सात वाड्यांचं गाव, खाली खाडी, वर सडा म्हणजे कातळाचं पठार, मधल्या उतारावर आंबा-काजू.

डिसेंबरात आमच्या अकरा मुलामुलींना जिल्ह्याच्या ठिकाणी एका संस्थेच्या दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. विषय होता 'शाश्वत विकासासाठी युवा नेतृत्व'. एसटीचं भाडं मी आणि आणखी एका सदस्याने खिशातून भरलं. सगळी सोळा ते बावीस वयाची. परत आली तेव्हा हातात प्रमाणपत्रं, गळ्यात ओळखपत्रं, चेहरे खूश. मी त्यांना शाळेच्या ओट्यावर बसवलं आणि विचारलं, काय शिकलात? एका मुलीने वही उघडून २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली सतरा उद्दिष्टं क्रमाने वाचून दाखवली. एकही चुकली नाही. मग मी विचारलं, आपल्या गावात मे महिन्यात टँकर कुठल्या वाडीत येतो? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी तीच मुलगी म्हणाली, "आमच्याच वाडीत येतो, ताई. पण ते पर्यावरणात येतं का?"

महिना झाला, तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. सहावं उद्दिष्ट पाण्याचं आहे, ते तिने दोनच मिनिटांपूर्वी वाचलं होतं. आणि दर उन्हाळ्यात टँकरखाली हंडा धरून उभी राहणारी तीच.

आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी एप्रिल संपता संपता वरच्या वाडीच्या विहिरी तळ दाखवतात आणि खाडीलगतच्या दोन विहिरींचं पाणी मचूळ होतं. मार्चमध्ये सड्यावर वणवा लागतो, कलमं जळतात, दर वर्षी तीच चर्चा होते. या मुलांनी पुढे या गोष्टी हातात घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं. पंचायतीतून थोडे पैसे मिळवता येतील, जास्त नाही. पण शिकवायचं काय, आणि कोणाकडून? शिबिरं अजून करावीत का? बारावी झाली की यातली निम्मी मुंबई-पुण्याला जाणार, मग ही मेहनत कोणासाठी, असंही घरात ऐकावं लागतं. ज्यांनी असं काही प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा.

सुरूचं बन (पुणे, मूळ गाव दापोलीजवळ)

ताई, शिकण्याच्या जागा आहेत, त्या आधी सांगतो. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ साली इकॉलॉजिकल सोसायटी सुरू केली. नैसर्गिक साधनसंपत्तीच्या शाश्वत व्यवस्थापनावरचा त्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांनाही जमतो, वर्गापेक्षा फिरणं जास्त. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१७ साली हरित कौशल्य विकास कार्यक्रम सुरू केला, त्यात जैवविविधतेच्या नोंदी कशा करायच्या यासारखी प्रशिक्षणं होती. मासेमारीकडे ओढा असेल तर रत्नागिरीला आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. पण यातलं बहुतेक बारावीनंतरचं किंवा पदवीनंतरचं. तुमच्या सोळा वर्षांच्या मुलांना आज त्याचा उपयोग नाही.

दुसरी एक गोष्ट कदाचित जास्त कामाची. १९९१ साली अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनने 'लीड' नावाचा उपक्रम काढला, पर्यावरण आणि विकासासाठी नेतृत्व घडवायचा. अनेक देशांत तो चालला, भारतातही. मला त्यातलं पटलेलं सूत्र एकच. एका तुकडीत सरकारी अधिकारी, कंपनीतला माणूस, पत्रकार, संस्थेचा कार्यकर्ता आणि प्राध्यापक असे सगळे एकत्र बसवायचे. एकाच धंद्यातले पंचवीस घेतले की ते एकमेकांना माना डोलावतात आणि घरी जातात.

तुमच्या अकरांमध्ये कोण कोण आहे ते बघा. आमच्या गावात बागायतदारांची मुलं आणि कोळीवाड्यातली मुलं एका शाळेत शिकली तरी एकमेकांच्या अंगणात गेलेली नसायची. बागेतली फवारणी पावसात वाहून खाडीत जाते, हे बागायतदाराच्या मुलाला मासळी विकणाऱ्या बाईच्या मुलीने सांगितलं तर त्याला ते वेगळं लागेल.

वाळूतली पावलं (मंडणगड तालुका)

ताई, रात्रीची फेरी करून आत्ताच आलोय, झोप येत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

मी चौदा हंगाम किनाऱ्यावर कासवांची अंडी राखतोय. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने भाऊ काटदरेंच्या पुढाकाराने वेळासला काम सुरू केलं, मग हळूहळू ते आसपासच्या किनाऱ्यांवर पसरलं, आमच्याकडेही आलं. त्याआधीची गोष्ट लपवत नाही. माझे वडील अंडी काढून आणायचे. मी लहानपणी खाल्ली आहेत. वाळूवरचा माग बघून मादी कुठे बसली होती हे त्यांना अंधारात कळायचं, आणि मला जे येतं ते त्यांनीच शिकवलंय. म्हणून पहिलं सांगणं हे की शिकवणारा बाहेरून आणायच्या आधी गावात शोधा. कदाचित तो आज चुकीचंच काम करत असेल.

माझ्या हाताखाली आतापर्यंत सहा पोरं तयार झाली, त्यात दोन मुली. पद्धत सांगतो. पहिल्या हंगामात फक्त चालायचं. पहाटे चारला उठायचं, किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, कशालाही हात लावायचा नाही. अर्धी इथेच गळतात, गळू द्यावीत. दुसऱ्या हंगामात मोजायचं आणि लिहायचं. घरटं कुठे, अंडी किती, किती वाजता सापडलं, चंद्र कुठला, वारा कसा. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती हलवताना गोल फिरवायची नाहीत, वरची बाजू वरच ठेवायची, आणि मादीने खणला होता तितकाच खोल सुरईसारखा खड्डा हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात करायचा. वाळू किती तापते त्यावर नर निपजणार की मादी हे ठरतं, म्हणून खोलीत चूक चालत नाही. हे हाताने करायला मिळतं ते वनखात्याची परवानगी असलेल्या माणसाबरोबरच. तिसऱ्या हंगामात वही आणि हॅचरीची किल्ली पोराच्या हातात. तिथून पुढे मी विचारल्याशिवाय बोलत नाही.

किल्ली द्यायची अक्कल मला एका नुकसानीनंतर आली. माझा चौथा हंगाम. अकरावीतली एक मुलगी वही लिहायची. पौर्णिमेला तिने लिहिलं, 'भरतीची रेघ कुंपणापासून नऊ पावलं. मागच्या अमावास्येला एकवीस होती.' मी त्या पानाखाली सही केली. रोज करायचो. पुढच्या अमावास्येच्या रात्री वारं उठलं, उधाणाचं पाणी कुंपणात शिरलं आणि तीन घरटी गेली. तीनशेच्या वर अंडी. सकाळी ती पोर वही उघडून माझ्यासमोर उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. मी सही करत होतो, वाचत नव्हतो. तिच्या हातात किल्ली असती तर तिने ती घरटी पंधरा दिवस आधीच वर हलवली असती.

त्याच मुलीने दोन वर्षांनी ग्रामसभेत विषय मांडला. तोवर ती अठरा पूर्ण झाली होती. किनाऱ्याला लागून तीन ठिकाणी राहण्या-जेवणाची सोय झाली होती आणि त्यांचे मोठे दिवे रात्रभर समुद्राकडे तोंड करून जळायचे. पिल्लू वाळूतून बाहेर आलं की उजेडाच्या दिशेने जातं. त्याच्या हिशेबाने उजेड म्हणजे समुद्र. जागेवरच ठेवलेल्या घरट्यांतली पिल्लं उलटी, गावाकडे यायला लागली. तिच्याकडे तारखा होत्या, मोजलेली पावलं होती. पण ती थेट सभेत उभी राहिली नाही. आधीचे पंधरा दिवस घरोघरी गेली. तिघांपैकी एक तिचा चुलतमामा. त्याच्याकडे ती सकाळी चहाला गेली, वही दाखवली आणि म्हणाली, मामा, सभेत तुझं नाव मी घेणार नाही, पण दिवे कुठल्या बाजूला आहेत ते सांगणार. मामाने सभेच्या आधीच दिवे रस्त्याकडे वळवले. सभेनंतर दुसऱ्याने वळवले. तिसऱ्याने आजवर वळवलेले नाहीत, तिथे आम्ही रात्री पोरं उभी करतो.

माझ्या मते शिबिरात जे शिकवत नाहीत ते हे. मामाकडे चहाला कसं जायचं. गावात विरोधक म्हणून कोणी अनोळखी माणूस नसतो, ज्याच्याशी बोलायचं त्याच्या घरचं लग्न आपण वाढलेलं असतं. तो सराव वर्गात बसून होत नाही.

आणि वही. वही क्षुल्लक वाटते. २०२५ च्या जानेवारीत तुमच्याच गुहागरला एक मादी अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यासारख्या परावर आकडा कोरलेला धातूचा बिल्ला होता आणि तो २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर बसवलेला. पूर्व किनाऱ्यावरची कासवं इकडेही येऊन अंडी घालतात, हे त्या आकड्यामुळे कळलं. रात्रीच्या अंधारात कोणीतरी तो आकडा नीट वाचून उतरवून घेतला म्हणून.

आता तुमच्याबद्दल. टँकरवाडीच्या त्या मुलीपासून सुरुवात करा. सतरा उद्दिष्टं राहू देत, तिला तीन विहिरी द्या. दर अमावास्या-पौर्णिमेला काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. हे दिवस अशासाठी की कोळीवाड्यातल्या पोरांना ते सांगावे लागत नाहीत, आणि उधाणाच्या दिवशी खाडीलगतच्या विहिरीचं पाणी किती मचूळ होतं तेही कळेल. भांगेच्या, म्हणजे भरती कमी असते त्या दिवसांत एकदा चव घेऊन फरक बघा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तुमची पोरं चोवीस वेळा मोजतील. पंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने तपासायला नेतोच, त्याच्याबरोबर दोघांना पाठवा.

वरच्या वाडीच्या पऱ्याला म्हणजे ओढ्याला अजून धार असेल तर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून एक वनराई बंधारा घाला. खरं तर तो दिवाळीच्या मागेपुढे घालायला हवा होता, यंदा उशीर झालाय. तरी घाला, म्हणजे पुढच्या वर्षी दोन्ही मे महिन्यांचे आकडे शेजारी ठेवता येतील. २६ जानेवारीची ग्रामसभा तर झाली. पुढची १ मे ची, ऐन टँकरच्या दिवसांत. विषयपत्रिकेत 'वरच्या वाडीच्या विहिरींच्या नोंदी' असा विषय लेखी अर्ज देऊन आधीच घालून घ्या, आयत्या वेळच्या विषयांत टाकलात तर तोवर माणसं उठलेली असतात.

तिवरांच्या सावलीत (वेंगुर्ला)

ताई, तुमचो प्रश्न वाचलंय, दादांचा उत्तर पण वाचलंय. पुढचा सगळ्यांका समजासारख्या लिवतंय.

एक काम आजच करा. पंचायतीचं कपाट उघडा आणि लोकजैवविविधता नोंदवही शोधा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत समिती हवी आणि समितीने गावातली झाडं, प्राणी, बियाणी, माहिती नोंदवायला हवी. बरीच वर्षं कोणी केलं नाही. मग २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, त्यानंतर राज्यांना महिन्याला दहा लाखांचा दंड. त्या घाईत वह्या तयार झाल्या. आमच्या गावातली वही मी पाहिली तेव्हा मला रडू यायचं बाकी राहिलं. खाडीच्या पानावर मासे होते, खेकडे होते, कालवं होती. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या नव्हत्या. मुळे, तेही शिंपल्यांतलेच, नव्हते. आमच्या आया-सासवा ओहोटीला कंबरभर चिखलात उतरून जे काढतात आणि ज्यावर आमच्या शाळेची फी भरली गेली, ते वहीतच नाही. लिहिणारा पुरुष माणूस, त्याने पुरुषांनाच विचारलं.

आम्ही चार बायका आणि पाच मुली बसलो आणि खाडीचं पान परत लिहिलं. तिसऱ्या कुठल्या वाळूत, कुठल्या महिन्यात, दहा वर्षांपूर्वी एका ओहोटीला किती टोपल्या आणि आता किती. खारफुटीतली चिपी कुठे, तिवर कुठे, कांदळ कुठे. मुलींना पहिल्यांदा कळलं की आजीला इतकं येतं. त्याआधी त्या आजीच्या अंगाला चिखलाचा वास येतो म्हणायच्या.

तुमच्या अकरांत मुली किती, आणि रात्री-पहाटे बाहेर पडायला त्यांना घरून सोडतात का? आमच्याकडे आधी आयांना बरोबर घेतलं तेव्हा मुली आल्या. आमच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका होडीतून लोकांना कांदळवन दाखवतात, तुमच्या मुलींना आणि त्यांच्या आयांना एकदा तिथे आणा. वल्हं मारताना प्रत्येक झाडाचं नाव आणि मूळ सांगतात. आधी अनोळखी माणसासमोर तोंड न उघडणाऱ्या बायका आहेत यातल्या. भाषण करायला त्यांना कोणी शिकवलं नाही. रोज होडीत सहा माणसं बसली आणि त्यांनी प्रश्न विचारले.

आणि पैशांचा हिशेब मुलांच्या हातात द्या. पंचायतीतून पाच हजार मिळाले तर पाच हजारांची रोकडवही त्यांनीच लिहायची. झाडांची नावं येतात पण पावत्या जपून ठेवता येत नाहीत, अशा माणसावर गाव पैसे सोपवत नाही.

विरार लोकल (मूळ राजापूर तालुका)

मी बारावीनंतर गाव सोडलेल्यांपैकी. पर्यावरण हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सक्तीचा झाला, पण आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या प्रकल्पवह्या एकाच वहीवरून उतरलेल्या होत्या. कचऱ्यावर वीस पानं लिहिली आणि वाडीतला कचरा पऱ्यात टाकत राहिलो. याची मला आज लाज वाटते.

'मुंबईला जाणार, मग कशाला' याबद्दल सांगतो. गेलेला मुलगा तुटत नाही हो. आम्ही गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मुंबईत वाडीचं मंडळ आहे, वर्गणी आहे. आमच्या वाडीची नळयोजना मंडळाच्या पैशांवर दुरुस्त झाली. पण तेव्हा आमच्यातल्या कोणालाच विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी असतं हे सांगता आलं नाही. कंत्राटदार म्हणाला तेवढा खोल बोअर मारला. तो दुसऱ्या वर्षी आटला. तुमच्या मुलांची वही आमच्याकडे असती तर एवढे पैसे मातीत गेले नसते. म्हणून ती वही ग्रामसभेत दाखवाच, पण गणपतीत पाचव्या-सहाव्या दिवशी वाडीच्या बैठकीतही दाखवा. चाकरमानी तेव्हा सगळे गावात असतात.

एक काळजी मात्र घ्या. मुलांना विहिरी, तिसऱ्या, वणवा यावर पुढे करा. जमिनीचे व्यवहार, वाळूउपसा असले विषय आले की मोठ्यांनी पुढे व्हायचं, मुलांच्या हातात निवेदन देऊन त्यांना कचेरीत पाठवायचं नाही. एकोणीस वर्षांच्या मुलावर एकदा गुन्हा नोंदला की त्याची नोकरीही जाते आणि गावातली बाकीची पोरंही घरात बसतात. मी हे जवळून बघितलंय.

खाडीकाठची (गुहागर तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस रोज परत परत वाचतेय.

कपाट उघडलं. नोंदवही सापडली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीची गाठ कधी सोडलेलीच नव्हती. आमच्या वहीत तिसऱ्या आहेत, पण सड्यावरच्या एकाही गवताचं नाव नाही आणि पावसाळ्यात कातळावर जी फुलं येतात ती नाहीत. शिवाय दुसऱ्याच कुठल्यातरी गावाची दोन पानं आमच्या वहीत आहेत, नदीचं नावसुद्धा आमचं नाही. हे मी मासिक सभेत मांडणार आहे.

अकरापैकी सात मुली आहेत. बागायतदारांच्या घरचे दोघे, खाडीवरचे तिघे, बाकी वरच्या वाड्यांतले, म्हणजे तुकडी आपोआपच मिसळलेली निघाली. पहाटेचं काही ठरवायच्या आधी आयांना बोलावते. वाळूउपशाचं जे लिहिलंत ते मी लक्षात ठेवीन, आमच्याकडेही तो विषय आहे आणि तो माझा आहे, पोरांचा नाही.

काल पौर्णिमा होती. टँकरवाडीच्या मुलीने पहिलं माप घेतलं. तिच्या घरामागची विहीर, काठापासून पाण्यापर्यंत साडेअकरा हात. वहीत तारीख घातली, वेळ घातली, आणि खाली आपणहून लिहिलं, 'शेजारच्या दोन घरांचा पंप सकाळी चालला होता, म्हणून संध्याकाळी परत मोजते.' संध्याकाळी बारा हात भरलं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

वाळूतली पावलं दादांना एक विचारायचंय. आम्ही रहाटाचाच काथ्याचा दोर वापरला, त्याला गाठी मारून. ओला झाल्यावर तो ताणतो असं एक मुलगा म्हणतोय. आणि हात तर प्रत्येकाचा वेगळा. काय वापरावं?

वाळूतली पावलं (मंडणगड तालुका)

बरोबर बोलतोय तो मुलगा, त्याला पुढच्या वेळी बरोबर ठेवा. सुतार-गवंडी वापरतात तसला तीस मीटरचा टेप घ्या, टोकाला शिसं बांधा. जाळ्याचं शिसं कोळीवाड्यात कोणाकडेही मिळेल. शिसं पाण्याला लागलं की आवाज येतो, तिथे वाचायचं. काठावर एकाच जागी रंगाची खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा, काठ सगळीकडे सारखा नसतो. पहिलं माप दोराचं होतं हे वहीत लिहून ठेवा, खोडू नका. अमावास्येआधी टेपने एकदा परत घ्या. आणि पंप बंद झाल्यावर किती वेळाने मोजायचं ते तिलाच ठरवू द्या.